महबूबच्या कबरीची माती

अशरफ हमदुलेने आयुष्यात एकच माणूस स्वतःच्या हातांनी पुरला, आणि तो खरंच पुरला का, यावर बाणकोट खाडीकाठचं त्याचं गाव दोन वर्षं बोलत राहिलं. गावाला बोलायला विषय लागतोच. पण हा विषय बोलणारेही बोलता बोलता त्याच्या सासूच्या अंगणाकडे पाहून आवाज खाली आणत.

अशरफ बावन्न साली कुवेतला गेला. आधी हवल्लीत एका किराणा दुकानात तांदळाची पोती उचलायचं काम होतं. माणूस सरळ, अंगाने रुंद, बोलायला कमी. त्याच्याविषयी सांगण्यासारखं काही घडलं नसतं तर तो तसाच पोती उचलत म्हातारा झाला असता आणि कोणी त्याच्यावर एक ओळही लिहिली नसती. त्याच्या दृष्टीने तेच बरं झालं असतं.

महबूब हा त्याचा मेहुणा, आणि त्याआधी मावसभाऊ. अशरफने खालाचीच मुलगी केली होती, तेव्हा रहिमाखाला त्याची सख्खी मावशी आणि सासूही. रहिमाखालाचा नवरा खलाशी होता. एका हंगामात तो निघाला आणि परत आला नाही. गलबताची एक फळी सापडली म्हणतात, माणूस सापडला नाही. खालाने त्याच्या नावाने जनाज्याची नमाज कधी पढू दिली नाही. ज्याची मय्यत पाहिली नाही त्याला मेला कसं म्हणायचं, असं तिचं म्हणणं. गावाच्या शाफई मजहबात, म्हणजे पंथात, समोर मय्यत नसतानाही नमाज पढता येते, हे मशिदीच्या खतीबांनी तिला दरवर्षी समजावलं आणि दरवर्षी तिने त्यांना सरबत पाजून परत पाठवलं.

एवढं होऊनही महबूब समुद्रावरच गेला. कुवेतच्या एका व्यापाऱ्याच्या मोठ्या जहाजावर तो होता. ती जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून घरांच्या छपरांसाठी कांदळवनातले वासे आणायची. खालाने निरोपावर निरोप पाठवले, अन्न सोडलं, शेवटी शपथ घातली. तेव्हा महबूबने मालकाच्या हातापाया पडून जमिनीवरचं काम मागितलं. मालकाने वफ्र्याकडे नवा मळा काढला होता, तिथं त्याला पाठवलं. समुद्रापासून लांब, चहूकडे वाळू. खालाने गावात साखर वाटली.

मालक हौशी होता. महबूबच्या शेवटच्या खेपेत त्याने आफ्रिकेतल्या कुठल्याशा नदीकाठची लिंबाची रोपं आणवली होती, मुळांशी तिथलीच काळी माती बांधून. एका डबक्याच्या काठावरून ती महबूबनेच खणून घेतली होती. वफ्र्याच्या उन्हात रोपांनी एक ऋतूही काढला नाही. महबूबने काटक्या जाळल्या आणि काळी माती मळ्यामागच्या सखल जागेत ओतली. त्या हिवाळ्यात कुवेतात मोठा पाऊस झाला. सखल जागेत पाणी साचलं, महिना-दोन महिने राहिलं, आटलं. पुढचे हिवाळे कोरडे गेले. अशरफ महबूबच्या आग्रहावरून छप्पन्न साली नातूर म्हणून, म्हणजे राखणदारीला, मळ्यावर आला तेव्हा त्या जागी भेगाळलेली, नरम, तपकिरी माती होती, एवढंच. तिच्यावर उंटही थांबत नसे.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात महबूबला ऊन लागलं. सकाळी तो पंपाशी काम करत होता, दुपारी अशरफला ओळखेना, आणि दिवस कलायच्या आत गेला. धुळीचं वादळ उठलेलं, शहराकडे जाणारी लॉरी येण्याची आशा नव्हती, आणि त्या उष्म्यात मय्यत ठेवता येत नाही. मळ्यावर दोन इराणी मजूर होते, तेही नवे. अशरफने टाकीतल्या पिण्याच्या गोड पाण्याने मेहुण्याला गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, दिला. विहिरीचं पाणी खारट होतं, ते त्याला घालवेना. मग तिघांनी लॉरी येईपर्यंत जीभ चघळत वेळ काढला.

कबर खणायची कुठे, हा प्रश्न होता. कुवेतच्या वाळूखाली हातभर गेलं की गच नावाचा थर लागतो, सिमेंटाला लाजवेल असा. कुदळ उसळून परत येते. अशरफ जांभ्या दगडाच्या मुलखातला. त्याच्या गावी कबरीची जागा ठरवायची एकच रीत: कातळ टाळायचा, जिथं कुदळ सहज जाते ती जागा मय्यतीची. म्हातारे त्याला जमिनीची राजीखुशी म्हणतात. मळ्याच्या अख्ख्या पसाऱ्यात जमीन एकाच ठिकाणी राजी होती. तिथं पाणी साचतं हे मळ्यावर फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि पुरायचं होतं त्यालाच.

अशरफने नमाज पढवली. इराण्यांनी मागे उभं राहून हात बांधले. मातीचा उंचवटा केला, उशाला एक दगड ठेवला.

पुढच्या वर्षी रजेवर निघताना त्याने कबरीवरची माती पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात भरली. रहिमाखालाचा तसा निरोप होता. नवऱ्याची एक मूठ माती तिला मिळाली नव्हती, मुलाची तरी मिळावी. अशरफ खाली वाकला तेव्हा माती हाताला गार लागली. भर उन्हात गार. त्याला ते खटकलं, पण आगबोट गाठायची होती.

खतीबांनी डबा पाहून नाक मुरडलं. कबरीची माती घरोघर फिरवायची नसते, म्हणाले. खालाने ऐकलं नाही. अंगणात जुनी दगडी डोणी होती, कधी काळी गुरांच्या पाण्याची. त्यात तिने ती माती पसरली आणि सब्जा पेरला. आपल्याकडे कबरीवर सब्जा लावतात, हिरवं पान मुर्द्याला गारवा देतं म्हणून. आणि तिला आठवलं की पोरगा उन्हाने गेला.

तेव्हापासून ती डोणीत पाणी घालू लागली. सकाळी एक कळशी, दुपारी एक, अस्राच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजेनंतर एक. सईदाने, म्हणजे तिच्या मुलीने, अशरफच्या बायकोने, एकदा सांगून पाहिलं की एवढ्याने रोप कुजेल. खाला म्हणाली, रोपाला कोण घालतंय. सब्जा कुजला. डोणीचं भोक मातीने बुजलं होतं, पाणी वर उभं राहिलं. ते तिला आवडलं असावं. ती पाण्याकडे बघत बसायची.

एका सकाळी पाण्यात डोळे होते.

खालाने प्रथम तसंच सांगितलं, आणि लोकांना वाटलं बाई दुःखाने भ्रमली. मग सईदाने वाकून पाहिलं. पापणीच्या केसाएवढी काहीतरी अंगं, आरपार दिसणारी, आणि प्रत्येकाला दोन काळे डोळे. ती सगळी एका बाजूला जमून स्थिर होती, वर पाहत. सावली पडली की हलत. खाला कडेला येऊन बसली की पुन्हा जमत.

पंधरवड्यात ते बोटाच्या पेराएवढे झाले. महिन्यात त्यांतले काही निळे झाले, शेपट्या लाल, अशा लाल की चिरलेल्या बोटाची आठवण यावी. असले मासे कुणी पाहिले नव्हते. हे गाव मासळीचं. म्हातारा दालदी, ज्याने पन्नास पावसाळे खाडीत जाळं टाकलं, तो डोणीशी उकिडवा बसला आणि एकेक नाव घेऊन बाद करत गेला. बोय नाही. काळुंदर नाही. तारली नाही, शिंगटी नाही, ओढ्यातला मळ्या नाही. नावं संपली तेव्हा तो उठला आणि हात धुतले. पाण्याला हात लावला नव्हता तरी धुतले.

आफ्रिकेतल्या पावसाळी डबक्यांत असले बोटभर मासे असतात. डबकं आटलं की मासे मरतात, अंडी चिखलात राहतात, कोरडी, वर्षानुवर्षं, आणि पाणी आलं की जणू कालच निजलो होतो अशी उठतात. हे प्राणिशास्त्रात आहे. गावात प्राणिशास्त्र नव्हतं, अक्कल होती, आणि अकलेने जे सांगितलं ते बिनतोड होतं: ज्या मातीतून मासा निघतो ती माती पाण्याच्या तळाची. म्हणजे ही कबरीची माती नव्हे. म्हणजे कबर नाही. म्हणजे महबूब मळ्यावर नव्हता, तो पुन्हा जहाजावर गेला आणि बापासारखाच बुडाला. अशरफने सासूला दुखवू नये म्हणून कुठल्या तरी किनाऱ्यावरचा गाळ डब्यात भरून आणला. माणूस भला आहे बिचारा, पण खोटं ते खोटं.

वाळवंटात धाडलेला माणूस बुडाला याचं गावकऱ्यांना जेवढं नवल वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. खलाशांच्या गावात मरण्याची ती रुळलेली पद्धत होती.

अशरफने सगळं सांगितलं. ऊन, गुसल, गोड पाणी, कुदळ, इराणी, उशाचा दगड. लोक मान डोलावत. साक्षीदार म्हणून गावचा कोण होता, असं विचारत. कोणी नव्हता. मग पुन्हा मान डोलावत, या वेळी हळू.

रहिमाखाला त्याच्याशी बोलेनाशी झाली. ती भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तो ओसरीवर आला की ती पदर सावरून डोणीकडे तोंड करून बसे. सईदा दोघांच्या मधे. एका दुपारी कपडे वाळत घालता घालता तिने विचारलं,

"भाई बुडला असंल तर मना सांग. मी अम्माला सांगीन. तुज्यावर येऊ देनार नाय."

"तो बुडला नाय."

"मग मासं कुठनं आलं?"

अशरफ दोरीवरचा ओला कपडा झटकू लागला. आणि ज्या माणसाकडे एका प्रश्नाचं उत्तर नसतं त्याची बाकीची उत्तरंही लोक परत तपासू लागतात. सईदाने दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा विचारलं की कफनाचं कापड कुठून आणलं होतं. त्याने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आत गेली.

शेवटी खालाने खतीबांना निरोप पाठवला. नवऱ्याच्या वेळी जी नमाज तिने इतकी वर्षं अडवून धरली होती, ती मुलासाठी मागितली. बुडालेल्याची, गैबाना, म्हणजे मय्यत समोर नसताना पढायची. मय्यत पाहिली नसली तरी या वेळी तिची खात्री होती. मासे रोज तिच्याकडे पाहत होते.

अशरफपुढे दोनच वाटा होत्या. नमाजेला गेलं तर स्वतःच्या तोंडाने कबूल केल्यासारखं की महबूब पुरलेला नाही. न गेलं तर मेहुण्याच्या जनाज्याला गैरहजर राहिलेला जावई, आणि हे गाव विसरणार नव्हतं. तो गेला. शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून उभा राहिला. ज्याचे डोळे त्याने मिटले होते, ज्याला त्याने डाव्या हाताने खांद्याखाली धरून खाली उतरवलं होतं, त्याच्यासाठी त्याने चार तकबिरी, अल्लाहु अकबरचे चार पुकार, ऐकल्या, बेपत्ता माणसासाठी ऐकाव्यात तशा. तिसऱ्या तकबिरीला त्याच्या मनात आलं, आपण खरंच पुरला ना?

एकदा आलेला हा विचार आगबोटीतही त्याच्याबरोबर होता.

मळ्यावर परतल्यावर सामान टाकून तो आधी सखल जागेकडे गेला. उंचवटा होता. दगड होता. त्याला इतकं हायसं वाटलं की तो तिथंच बसला. बसल्यावर पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं की आजूबाजूच्या भेगा सगळ्या उंचवट्याकडे तोंड करून आहेत. भेगांना तोंड नसतं, हेही त्याच्या लक्षात आलं. तो उठून कामाला लागला.

त्या हिवाळ्यात शिंतोडे पडले. पुढच्या हिवाळ्यात पाऊस आला. वाळवंटाला पावसाची सवय नसते, ते पाणी पीत नाही, नुसतं वाहू देतं. मळ्याच्या तिन्ही बाजूंनी लाल-पिवळे ओहोळ सखल जागेकडे धावले. एक म्हातारा बदू, वाळवंटात फिरणारा अरब, मेंढ्यांना घेऊन आला. पाणी पाहून त्याने समाधानाने मान हलवली. खबरा, म्हणाला, इथं खबरा भरतो, पावसाचं तळं, माझ्या बापाच्या वेळेपासून. अशरफने त्याला विचारलं की हे आधी कोणाला का सांगितलं नाहीस. बदू म्हणाला, विचारलं कोणी.

उंचवटा पाण्याखाली गेला. दगडाचं टोक काही दिवस दिसत होतं, मग तेही नाही.

अशरफ त्या बाजूला जाईना. पंप दुसरीकडे होता, झोपडी दुसरीकडे, टाळणं सोपं होतं. पण पाणी निवळल्यावर मेंढ्या तिथं जायच्या, आणि एक दिवस त्या तोंड लावून एकदम मागे हटल्या. तो बघायला गेला. स्वच्छ पाणी, खाली तपकिरी तळ. जिथं कबर होती त्याच्या वरच, दुसरीकडे कुठे नाही, ते जमले होते. निळी अंगं, लाल शेपट्या. त्याची सावली पडली तसे पांगले. तो तसाच उभा राहिला, आणि ते एकेक करून परत आले, आणि वर पाहू लागले.

त्याला प्रथम जे वाटलं ते भय नव्हतं. त्याला वाटलं, मी खरं बोललो होतो. डोणीतले मासे इथले, माती इथली, कबर इथं. गावातली सगळी तोंडं त्याने मनातल्या मनात बंद केली. मग त्याला कळलं की आपण कसल्या गोष्टीचा आनंद मानतोय. खालाने महबूबला ज्या पाण्यापासून शपथ घालून सोडवला होता, त्यातच तो झोपला होता, आणि त्या पाण्यात त्याला नेऊन ठेवणारा अशरफ होता. कुदळ सहज गेली म्हणून.

पाणी आटायला वसंत उजाडला. मासे शेवटी एका परातीएवढ्या पाण्यात खळबळत होते. मग ते पाणीही गेलं. चिखल वाळला, भेगा पडल्या. तळ सपाट झाला होता, एकसारखा, थाळीसारखा. उंचवटा नव्हता. दगड गाळात गेला असावा.

कबरीत पाणी शिरत असेल तर मय्यत हलवायला परवानगी आहे, हे अशरफला माहीत होतं. लॉरीवाला कमाल चिपळूणकडचा, त्याने हवल्लीतल्या मौलवींना विचारून खात्री करून आणली. गचात दुसरी कबर अशरफने आधीच फोडून ठेवली, हाताची सालं काढून. मग दोघांनी सकाळच्या उन्हात तळ खणायला घेतला. अशरफला जागा पक्की ठाऊक होती. झोपडीच्या दाराच्या रेषेत, पंपाच्या चिमणीच्या उजवीकडे. कमरेएवढं खणलं. माती ओली, गार, काळी. तिथं काही नव्हतं. त्याने थोडं सरकून खणलं. मग आणखी सरकून. हाड नाही, कापडाचा धागा नाही, दगड नाही. माती जिथून काढली तिथं ती पुन्हा हळूहळू भरत होती, जशी ताक ढवळताना पडलेली खळी भरते.

कमालने फावडं टेकलं. तो चेष्टेखोर माणूस, गाडी बंद पडली तरी हसणारा. तो म्हणाला, "अशरफभाई, तुमी नक्की हितंच..." आणि अशरफचं तोंड बघून वाक्य तिथंच ठेवलं.

खड्डे त्यांनी बुजवले. गचातली रिकामी कबरही बुजवली, उघडी कबर चांगली नाही म्हणून. त्या दिवशीच्या नमाजेत अशरफने सज्द्यात कपाळ टेकलं आणि ते तिथंच राहिलं. खाली कोणीतरी हळू कूस बदलतंय असं त्याला ऐकू येत होतं. नंतर हे रोजचं झालं. मळा सोडून तो पुन्हा हवल्लीच्या दुकानात गेला, खाली पक्क्या फरशा आणि त्याखाली दुकानाचं तळघर, तरी कपाळ टेकलं की ते ऐकू यायचं.

साठ साली तो गावी आला. सईदा बंदरावर होती, खाला नव्हती. डोणी अंगणात तशीच होती, पण कोरडी. मासे मेल्यावर खालाने पाणी घालणं थांबवलं होतं. मातीला भेगा पडल्या होत्या.

त्याने हातपाय धुतले आणि सरळ खालासमोर जाऊन बसला. काय सांगायचं ते त्याने आगबोटीत ठरवलं होतं. सोपं खोटं तयार होतं: होय, तो बुडाला. म्हातारी तेच धरून बसली होती, तिला तेच दिलं तर घरात शांतता होती. पण तोंड उघडल्यावर त्याने जसं घडलं तसं सांगितलं. नरम जागा त्यानेच निवडली. पाणी आलं. तेच मासे तिथं आहेत. त्याने खणलं. महबूब सापडला नाही.

खाला डोणीकडे तोंड करून ऐकत होती. मग म्हणाली,

"तू ठेवलास तवा जमीन सुकी होती?"

"सुकी होती, खाला. कडक सुकी."

"मंजे तो पान्याकडं गेला नाय. पानी त्याच्याकडं आला."

अशरफ डोणीतल्या भेगांकडे पाहू लागला.

"तुना झोप लागते तिथं?"

"नाय."

"मग खरा बोलतोस," खाला म्हणाली, आणि त्याच्याकडे तोंड केलं. "खोटा बोलनारा झोपतो."

दुसऱ्या दिवशी तिने खतीबांना बोलावलं. सरबत दिलं आणि सांगितलं की दोन वर्षांपूर्वी पढलेली नमाज चुकीच्या माणसाची होती. मुलाची नमाज अशरफने मळ्यावरच पढवली होती. तेव्हा ती बुडालेल्याची नमाज त्याच्या बापाच्या नावावर लावून टाका, तोच बुडाला होता. खतीबांनी घोट गिळला आणि समजावलं की नमाज नियतवर, म्हणजे मनातल्या हेतूवर, असते, एकाची केलेली दुसऱ्याच्या नावावर चढवता येत नाही, ती काही शेतजमीन नव्हे. खाला म्हणाली, मग नवी पढा.  इतक्या वर्षांनी मिळालेल्या परवानगीवरून त्यांनी वाद घातला नाही.

जुम्याच्या नमाजेनंतर ती पढली गेली. गाव जमलं होतं, म्हातारा दालदीसुद्धा. अशरफसाठी पहिल्या रांगेत, खतीबांच्या मागे जागा ठेवायला खालाने सांगितलं होतं आणि ती ठेवली गेली होती. लोकांनी सरकून वाट दिली. तो तिथं जाऊन उभा राहिला.

जनाज्याच्या नमाजेत रुकू नसतो, म्हणजे वाकणं नसतं, सज्दा नसतो. उभ्यानेच सगळं होतं, जमिनीला कपाळ लावावं लागत नाही. अशरफ हात बांधून ताठ उभा होता आणि त्याला फार बरं वाटत होतं.